मॉर्गन डॉलर: कानावरचे केस सपाट आहेत, म्हणजे नाणं झिजलेलंच का?

शिकाऊ_नाणेवाला (एडिसन, न्यू जर्सी)
मंडळी, शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला निघाल्या, त्यांच्याकडून चांदीचे तीन मॉर्गन डॉलर (जुनी अमेरिकन नाणी) घेतले. १८८१ एस, १८८४ ओ (अक्षर म्हणजे टांकसाळीची खूण) आणि १९२१ चा एक. व्हिडिओ बघून बघून माझा समज झालेला की उंच भागावर झीज दिसली की एयू (जवळपास न वापरलेलं) किंवा त्याच्या खाली, नाही दिसली की एमएस (अजिबात न वापरलेलं), संपला विषय. पण १८८४ वाल्याने डोक्याची मंडई केलीये. नाण्यावरच्या बाईच्या कानावरचे केस पार सपाट, कोणी अंगठ्याने दाबल्यासारखे, मागे गरुडाच्या छातीवर पिसं जवळपास नाहीतच, आणि तरी नाणं चकाकतंय. एका दुकानदाराने हातात न घेताच व्हीएफ (बऱ्यापैकी झिजलेलं) म्हणून टाकलं आणि चांदीच्या भावात मागितलं. १८८१ वर मात्र केस न् केस मोजून घ्या. आणि १९२१ वालं... हसू नका, आई आलीये भारतातून, तिने देवाच्या भांड्यांबरोबर ते पण दात घासायच्या पावडरीने लख्ख करून ठेवलं. तिन्ही ग्रेडिंगला (कंपनीकडून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवू का?

खुर्दा
ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ, आणि तिथल्या बऱ्याच नाण्यांवर ठसाच नीट बसलेला नसतो, वीक स्ट्राइक म्हणतात त्याला. नाण्याचा जो भाग सगळ्यात उंच तोच डायमध्ये (ठशाच्या साच्यात) सगळ्यात खोल, आणि मॉर्गनचा घोळ असा की कानावरचे केस आणि गरुडाची छाती बरोबर पाठीला पाठ लावून येतात, त्यामुळे दाब कमी पडला की धातू दोन्हीकडे पुरा चढत नाही. म्हणजे नाणं टांकसाळीतूनच तसं सपाट बाहेर पडलं. झीज वेगळी, ती नंतर लोकांच्या खिशात होते.

फरक कळायला केस बघत बसू नका, चमक बघा. खोलीतली ट्यूब बंद, एकच टेबललॅम्प, नाणं कडेला धरून हळूहळू तिरकं करत फिरवा. चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे फिरताना दिसतील. ते पट्टे सपाट भागावरूनही न अडखळता गेले तर वीक स्ट्राइक. तिथे येऊन विझले आणि खाली राखाडी मळकट डाग दिसला तर झीज. गाल, कपाळावरचे केस, गरुडाची छाती, हे आधी तपासा.

सदाशिवपेठी_रुपया
मी मॉर्गनवाला नाही, राणीछाप रुपये जमवतो, पण हे आऱ्यांचं तंत्र तिथेही तस्संच चालतं. भिंग ५एक्सचं पुरे, त्याहून मोठं घेतलं की प्रत्येक ओरखडा दरीएवढा दिसतो आणि माणूस उगाच खचतो.

बॅगमार्क
१८८१ एस बद्दल जास्त उडू नका. सॅन फ्रान्सिस्कोची त्या वर्षाची नाणी ठशाला नामी असतातच, आणि न वापरलेली ढिगाने मिळतात. तिथे ग्रेड (७० पैकी आकडा; ६० पासून पुढे एमएस, ५० ते ५८ एयू) ठरते गालावर. हजार-हजार नाण्यांच्या पिशव्यांत एकमेकांवर आपटून खाचा पडलेल्या असतात, आणि मॉर्गनचा गाल म्हणजे मोकळं मैदान, तिथली एक ठळक खाच ६५ चं नाणं ६३ वर आणते, तीच केसांत लपली असती तर कोणी विचारलं नसतं. आणि हो, ५८ चं नाणं कित्येकदा ६० पेक्षा देखणं असतं! ६० म्हणजे वापरलेलं नाही पण ठोकून काढलेलं.

१८८४ वर ओ आहे की एस ते परत बघा, मागच्या बाजूला हाराच्या गाठीखाली, डॉलर शब्दाच्या वर. १८८४ एस वापरलेलं सहज मिळतं, पण न वापरलेलं अतिशय दुर्मिळ, तिथे एयू आणि एमएसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ओ असेल तर ग्रेडिंगची फीसुद्धा सुटायची नाही.

खुर्दा
१९२१ वालं पाठवू नका. पावडरीने एकाच दिशेने बारीक रेघा पडतात, तिरक्या उजेडात लगेच दिसतात, आणि मग ग्रेडचा आकडा मिळत नाही, नुसतं 'क्लीन्ड, डिटेल्स' (म्हणजे घासलेलं) लिहून परत येतं. आईंना काही बोलू नका पण, त्या वर्षी एकट्या फिलाडेल्फियात ४ कोटी ४६ लाखांवर पाडली होती ही नाणी. १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटी डॉलर वितळवले, मग परत पाडायची वेळ आली, त्यातलं हे. २६.७३ ग्रॅम वजन, ९० टक्के चांदी, ती कुठे जात नाही.

शिकाऊ_नाणेवाला
बघितलं, ओच आहे. कानावरून पट्टे मस्त सरकतात, छातीवरून पण. पण गालावर, नाकाच्या थोडं मागे, करंगळीच्या नखाएवढा भाग मंद आहे, तिथे पट्टा तुटतो. तीनदा फिरवून बघितलं.

बॅगमार्क
मग थोडं वापरात फिरलंय नाणं. फोटोशिवाय सांगतोय, पण ५५ ते ५८. व्हीएफ तर नाहीच नाही, व्हीएफला एवढी चमक उरतच नाही. विकायचं असेल तर दुसऱ्या दुकानात न्या, आणि तिथे लॅम्प मागून घ्या.

शिकाऊ_नाणेवाला
विकत नाही आता. डब्यात घालून वरच्या कपाटात ठेवलंय, आईचा हात पोचत नाही तिथे.