फायबर नेट रोज आठ-दहा वेळा तुटतंय, बिघाड घरात की लाईनमध्ये?

पोटमाळा:
१०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. गच्चीवरून उतरलेली वायर हॉलच्या सरकत्या खिडकीतून आत येते आणि टीव्हीमागच्या ओएनटीला (कंपनीच्या फायबर मोडेमला) लागते. वायफाय ओएनटीचंच. बेडरूममध्ये रेंज मिळत नाही, म्हणून तिथे जुना राउटर लॅन केबलने जोडलाय. साधारण संध्याकाळी ७ ते ११ या वेळात नेट दोन तऱ्हांनी जातं. कधी ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप जातो. कधी सगळे दिवे हिरवे, फोनवर वायफायच्या दांड्या पूर्ण, पण एकही पान उघडत नाही. कस्टमर केअरचं एकच उत्तर, रीस्टार्ट करा. अ‍ॅडाप्टर बदलू का?

काचतंतू:
थांबा, आधी ओएनटीला विचारा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, युजरनेम-पासवर्ड बहुधा खालच्या स्टिकरवर असतो. आत तीन गोष्टी बघायच्या.

अपटाइम, म्हणजे ओएनटी किती वेळ सलग चालू आहे. नेट गेल्यावर तो शून्यापासून सुरू झाला असेल तर ओएनटी बंद पडून पुन्हा चालू होतोय, म्हणजे अ‍ॅडाप्टर, पिन किंवा व्होल्टेज. नवा घेतलात तर व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील.

लॉग. संध्याकाळीच जातं असं वाटतं, कारण तेव्हा सगळे घरी असतात. दुपारच्या नोंदीही तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑप्टिकल पानावरची आरएक्स पॉवर, म्हणजे ओएनटीपर्यंत पोचणारा उजेड. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निश्चिंत. उण्याचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. उणे २७ ही बहुतेक ओएनटींची शेवटची पायरी. त्याखाली लाल दिवा कधीही लागू शकतो.

चॅनेल_अकरा:
वायफायही बघून घ्या. २.४ गीगाहर्ट्झला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे रिकामं असेल ते. ५ गीगाहर्ट्झला ऑटोऐवजी ३६ ते ४८ मधलं एक पक्कं करा. ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावंच लागतं. नव्या जागीही आधी मिनिटभर कानोसा घ्यावा लागला तर तेवढा वेळ ५ गीगाहर्ट्झ गायब.

काचतंतू:
बरोबर, पण वायफायमुळे एलओएस लाल होत नाही. तो दिवा फक्त काचेतून येणाऱ्या उजेडाचा. दोन वेगळी दुखणी दिसताहेत, एकाच गोळीने बरी व्हायची नाहीत.

पोटमाळा:
अपटाइम १९ दिवस सलग. लॉगमध्ये दुपारी २ च्या सुमाराच्याही एलओएस नोंदी आहेत. आरएक्स उणे २६.९, खिडकी पूर्ण सरकवली की उणे २८.४. दुसऱ्या प्रकारात लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१ ला पिंग (पत्ता उत्तर देतो का ही चाचणी) चालू राहतं, बाहेरच्या ८.८.८.८ ला (गूगलचा पत्ता) बंद. म्हणजे कंपनीकडूनच जातंय ना?

काचतंतू:
अ‍ॅडाप्टर निर्दोष सुटला. लाल दिव्याचा हिशेब असा: कंपनीच्या टोकाला उजेड साधारण अधिक ३ डीबीएमने निघतो. एकाचे आठ करणारे दोन स्प्लिटर धरले तर प्रत्येकी १०.५ च्या आसपास, म्हणजे २१ गेले. तीन-चार किलोमीटर काच सुमारे १, जोड मिळून दीड. तुमच्याकडे उणे २०-२१ पोचायला हवेत. सहा-सात डीबी वाटेत सांडताहेत, खिडकी सरकवली की वर आणखी दीड, डोळ्यांदेखत.

खिडकी त्या वायरवर घासू देऊ नका. फ्रेमशेजारी भिंतीला तिरकं भोक पाडून वायर घ्या, बाहेरून आत चढत जाणारं, नाहीतर पावसाचं पाणी घरात. कुठेही ६ सेंटीमीटर व्यासापेक्षा लहान वेटोळं नको. वाकणारी म्हणून विकलेली फायबर यापेक्षा लहान वळण सोसते, पण तुमच्याकडे कुठली टाकलीय ते कोण सांगणार? टीव्ही युनिट भिंतीला टेकवताना पॅचकॉर्ड (ओएनटीला लागणारी बारीक वायर) काटकोनात दुमडते, तेही बघा.

ते सहा-सात डीबी बहुधा कनेक्टरमध्ये. ओएनटीचं तोंड हिरवं असेल तर कनेक्टरही हिरवाच हवा. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. दोन्ही एकमेकांना भिडत नाहीत आणि मधल्या फटीत बरेच डीबी जातात. रंग जुळत असतील तर धूळ. कनेक्टर सदऱ्याला पुसू नका, त्याने ओरखडे पडतात. टोकात डोकावूनही बघू नका, लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करतो.

गेटवे:
दुसऱ्या प्रकारात कंपनीला दोष देऊ नका. बेडरूममधल्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ असणार, कारखान्यातून बरेचसे तसेच येतात. दोघंही त्याच नावाला ‘ओ’ देतात. लॅपटॉपने बेडरूमवाल्याचं ऐकलं की पिंग मस्त चालतं, पण त्याला बाहेरची लाईनच नाही, मग ८.८.८.८ कुठून येणार? खात्री करायची तर नेट गेलेलं असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी, स्पेस, डॅश, ए अशी कमांड द्या. १९२.१६८.१.१ समोरचा मॅक पत्ता (त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओएनटीच्या आतल्या स्टेटस पानावरच्या लॅन मॅकशी जुळला नाही, तर चोर सापडला.

उपाय: केबल काढून जुन्या राउटरला एकट्याने लॅपटॉप जोडा. त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा. मग ओएनटीची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅन (इंटरनेटचं पोर्ट) रिकामं ठेवा. डीएचसीपी आधी बंद करायचं विसरलात तर दोन्हीकडून पत्ते वाटले जातील आणि गोंधळ तसाच. त्यात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर एवढंही नको, तो निवडा, पुरे.

पोटमाळा:
मॅक जुळला नाही. राउटर .२ वर नेला, आता हिरवे दिवे असताना जाणं बंद. तंत्रज्ञ उद्या येतोय, त्याला काय सांगू?

काचतंतू:
‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, तो स्पीड टेस्ट दाखवून जाईल. आरएक्सचे दोन्ही आकडे आणि एलओएसच्या वेळा तक्रारीतच लिहा, डॉकेट नंबर घ्या. पॉवर मीटर १४९० नॅनोमीटरवर लावून आधी गच्चीवरच्या डब्यात मोजायला लावा, मग तुमच्या टोकाला. दोहोंत एकापेक्षा जास्त डीबीचा फरक आला तर ड्रॉप वायर (डब्यापासून घरापर्यंतची) किंवा तिचे कनेक्टर बदलायचे. डब्यातच उणे २५ असेल तर घरातली वायर बदलून काही होणार नाही, तक्रार वरच्या लाईनची नोंदवायला सांगा. आणि तो जाण्याआधी खिडकी दोन-चारदा सरकवून आकडा हलत नाही ना, ते बघा.

पोटमाळा:
डब्यात उणे १९.८, घरात उणे २६.७. फास्ट कनेक्टर कापून नवा लावला, वायर भोकातून घेतली. आता उणे २०.९, खिडकी सरकवली तरी तेवढाच.