भावाला बायपोलर आहे. टायपिंगवरून मूड ओळखणारं ॲप वापरावं का?

सिंहगडरोडकर
धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी अति चढतो, कधी अति उतरतो. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. मार्चमध्ये मॅनिया, म्हणजे मूड चढण्याचा काळ, सुरू झाला, पण आमच्या लक्षात येईपर्यंत आठवडा उलटला. नंतर घरच्या ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं, तर पहाटे ३:४० ला लागोपाठ २२ मेसेज, एकेक ओळीचे. त्याआधी डिसेंबरात उलटं होतं. ‘टायपिंग’ दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं आणि शेवटी नुसतं ‘हो’ यायचं. टायपिंगवरून मूडचा अंदाज घेणारी ॲप्स असतात म्हणे. कुणी वापरलंय का?

कोथरूडची मीना
‘बायॲफेक्ट’ बघा. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या ॲलेक्स लिओ यांच्या गटाचं, २०१८ मध्ये आयफोनवर आलं. नेहमीच्या कीबोर्डऐवजी त्यांचा कीबोर्ड वापरायचा. काय लिहिलं ते घेत नाहीत. दोन अक्षरांमधला वेळ, बॅकस्पेस, ऑटोकरेक्ट, फोनची हालचाल, एवढंच टिपतात. पण ते संशोधनासाठी आहे, त्यावरून गोळ्या कमीजास्त करू नका.

शिवाय आपल्या मराठीचं काय? ‘क्ष’ पुसायला बऱ्याच कीबोर्डवर तीनदा बॅकस्पेस लागतो. आमच्याकडे आई बोलून मेसेज पाठवते, मुलगा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. म्हणून तिकडचे आकडे इकडे लावण्यात अर्थ नाही. भावाची तुलना त्याच्याच बऱ्या दिवसांशी करा.

एखाद्या कंपनीच्या भरवशावरही राहू नका. फोनच्या वापरावरून मनाची स्थिती ओळखू पाहणारी ‘माइंडस्ट्राँग’ कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे माजी संचालक टॉम इन्सेल तिच्या संस्थापकांपैकी होते, तरीही.

धायरीकर
मी स्वतः बायपोलरचा पेशंट आहे. ताई, भावाला विचारलंत का? माझ्या नकळत माझा फोन तपासला गेला होता, तेव्हा मी घरच्यांशी बोलणंच सोडलं. आता मीच बरा असताना कागदावर लिहून दिलंय: झोप चार तासांवर आली, रात्री मेसेज सुरू झाले, तर बायकोने थेट डॉक्टरांना फोन करायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांबद्दलची आपली इच्छा आधीच लिहून ठेवायची सोयही आहे, तेही बघा. आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

सिंहगडरोडकर
काल जेवणं झाल्यावर विचारलं. ॲप नको म्हणाला. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “रात्री दोननंतर माझे मेसेज आले तर सकाळी तू फोन कर, मेसेज नको.” डिसेंबर ते मार्चच्या मेसेजच्या वेळा दोघांनी मिळून वहीत उतरवल्यात. सोमवारी डॉक्टरांना दाखवतो.