डोक्याला मार लागलेला भाऊ शुद्धीवर आला, पण ओळख देत नाही

प्रश्न (मोठी बहीण, कराड)

माझा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ सात आठवड्यांपूर्वी दुचाकीवरून पडला. हेल्मेट नव्हते. मेंदूला सूज आल्याने कवटीच्या उजव्या बाजूचा तुकडा काढून तो पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला आहे. डोक्याला मार लागला असताना पोटावर टाके कशाचे, हे आईला समजावण्यातच आमचा पहिला आठवडा गेला. अतिदक्षता विभागात असताना आम्ही रोज सकाळी एकच विचारत असू, जीसीएस (शुद्ध किती आहे ते सांगणारे गुण) किती? सहा, मग आठ, मग दहा. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी तो आकडा टाकायचे आणि त्यावर सगळ्यांचा दिवस बरा किंवा वाईट जायचा.

आता गळ्यातली नळी निघाली आहे आणि तो बोलतो, पण वॉर्डातल्या मावशींना आणि आईला तो एकाच सुरात ‘ओ मावशी’ म्हणून हाक मारतो. ज्या वडिलांसमोर त्याने कधी आवाज चढवला नाही, त्यांना शिव्या देतो. नाकातली नळी दोनदा उपसली. आपण कारखान्यात रात्रपाळीला आलो आहोत आणि हे लोक आपल्याला घरी सोडत नाहीत, असे ठामपणे सांगतो. डॉक्टर ‘वेळ द्या’ म्हणतात. हा मधला टप्पा आहे, की तो असाच राहणार?

प्रतिसाद (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुंबई)

ताई, रुग्ण न पाहता भविष्य सांगणे योग्य नाही, परंतु तुम्ही केलेले वर्णन आमच्या रोजच्या ओळखीचे आहे. जीसीएसमध्ये डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण असतात. शुद्ध किती हरपली आहे एवढेच त्यातून कळते. स्मरणशक्ती किंवा स्वभाव त्यात येत नाही. शिवाय गळ्यात नळी असेपर्यंत बोलण्याचे गुण नीट देताच येत नाहीत. पुढच्या वाटचालीसाठी कॅलिफोर्नियातील रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात १९७२ साली आठ पायऱ्यांची मोजपट्टी तयार झाली. तिची चौथी पायरी म्हणजे गोंधळलेला आणि बिथरलेला रुग्ण. शिव्या देणे, नळ्या उपसणे, उठून पळू पाहणे हे सारे त्यात येते. नव्या आठवणी साठत नसल्याने मेंदू रिकामी जागा जुन्या आठवणींनी भरतो, म्हणून ती रात्रपाळी.

कृपया त्याची परीक्षा घेऊ नका. येणारा प्रत्येक जण ‘ओळख बघू, मी कोण?’ असे विचारतो, आणि उत्तर न आल्याने तो अधिकच चिडतो. त्याऐवजी ‘मी ताई. आज मंगळवार आहे. आपण दवाखान्यात आहोत’ असे आपणच सांगावे, रोज त्याच शब्दांत. एका वेळी एकच माणूस, टीव्ही बंद, भिंतीवर मोठे घड्याळ. मात्र प्रत्येक गोष्ट ‘टप्पा’ म्हणून सोडून देऊ नये. अचानक गुंगी, उलट्या, ताप किंवा झटका आल्यास लगेच डॉक्टरांना सांगा. तुंबलेली लघवी आणि बद्धकोष्ठ यांनीही असा रुग्ण बेफाम होतो, कारण दुखते कुठे हे त्याला सांगता येत नाही.

प्रतिसाद (गृहिणी, सांगली)

माझ्या यजमानांच्या वेळी हा प्रकार १९ दिवस चालला. ते मला ‘ही बाई कोण आणली’ असे म्हणायचे आणि मी जिन्यात जाऊन रडायचे. आजार बोलतो आहे हे कळत असूनही शब्द लागायचे ते लागायचेच. एक सांगते, भरवण्याची घाई करू नका. गिळण्याची तपासणी होण्याआधीच आमच्या सासूबाईंनी मायेने चार चमचे मुगाचे कढण पाजले. ते श्वासनलिकेत गेले, न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस पुन्हा अतिदक्षता विभागात काढावे लागले. त्यांना आम्ही कधी बोल लावला नाही. त्या आजही मुगाचे कढण करत नाहीत.

प्रतिसाद (अपघातातून सावरलेला, नाशिक)

मी त्या खाटेवरून बोलतो आहे असे समजा. अपघातानंतरचे जवळजवळ दोन महिने माझ्यापाशी नाहीतच. मी काकांच्या अंगावर ताट फेकले, हे मला बायकोने लिहून ठेवलेल्या वहीतून कळले. ती वही तुम्हीही ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते, पुढे सावकाश. आज चार वर्षांनी मी हिशेब पाहतो, पण दुपारी दोननंतर डोके चालत नाही, आणि वास गेला तो परत आला नाही. दूध करपले तरी शेजारीण ओरडेपर्यंत मला कळत नाही. ‘पूर्ण बरा झालास’ असे लोक म्हणतात, तेव्हा मी हो म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. गटावर आकडा टाकणे थांबवले आहे आणि भेटायला येणाऱ्यांना आठवडाभर येऊ नका म्हणून कळवले; दोन आत्या रुसल्या आहेत, रुसोत. काल संध्याकाळी मी ‘मी ताई, आज गुरुवार आहे’ असे म्हटले, तेव्हा तो बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मग पाळी बदलली असेल.’ आईला अजून मावशीच म्हणतो. आईने तीही हाक स्वीकारली आहे, ‘ओ’ देते.