डोपामिन कोळंबीचं अंडाशय नेमकं कुठे अडवतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातल्या कोळंबीवर प्रकल्प करतोय. डोळ्याच्या देठात अंडाशयाची वाढ रोखणारं संप्रेरक असतं. देठ कापल्यावर अंडाशय वाढतं हे फ्रेंच शास्त्रज्ञ पानूजने १९४३ मध्येच दाखवलं. मेंदू आणि छातीतल्या चेतागुच्छांतून (चेतापेशींच्या गाठींतून) उलट, वाढवणारं संप्रेरक सुटतं. सेरोटोनिन आणि डोपामिन ही चेतापेशींमधली निरोप पोचवणारी रसायनं. सेरोटोनिनने या वाढवणाऱ्या संप्रेरकाला चालना मिळते, डोपामिनने अंडाशयाची वाढ थांबते. माझं घोडं इथेच अडलंय: डोपामिन रोखणाऱ्या संप्रेरकाला बळ देतं, की वाढवणाऱ्याला दाबतं? देठ काढलेल्या माद्यांना डोपामिन टोचून हे वेगळं ओळखता येईल का? पाठीच्या कवचातून अंडाशयाचा नारिंगी रंग दिसतो, पण मला अंडपेशींचा व्यास मोजणंच खात्रीचं वाटतं. देठ न कापता मादी पिकवता आली तर तिचे हाल वाचतील. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.