औषध अंगावर उठले तेव्हा: आपापले अनुभव लिहा

वर्धा जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात औषधवाटपाच्या खिडकीमागे मी २८ वर्षे काढली. ‘साहेब, मागच्या खेपेला तुमची गोळी अंगावर उठली होती,’ हे वाक्य या काळात असंख्य वेळा ऐकले, आणि ‘कोणती गोळी?’ या माझ्या प्रश्नाला बहुतेकांनी ‘पांढरी, मोठी’ एवढेच उत्तर दिले. त्यात त्यांचा दोष नव्हता. आम्हीच पट्टी कापून चार सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देत होतो. शिवाय आपल्याकडे अंगावर काही उठले की त्याची कारणे आधीच ठरलेली असतात: गरमी, पित्त, माता, नाहीतर काल खाल्लेले वांगे.

म्हणून हा धागा. ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरच्यांवर असा प्रसंग आला असेल, त्यांनी औषध कोणते होते, ते सुरू केल्यापासून कितव्या दिवशी त्वचेवर परिणाम दिसला आणि औषधाचे नाव शेवटी कसे कळले, हे लिहावे. रुग्णालयाचे व डॉक्टरांचे नाव लिहू नये. दिवस मोजण्याचा आग्रह अशासाठी की गांधी काही मिनिटांत किंवा तासांत उठतात, साधे तांबडे पुरळ बहुधा ४ ते १४ दिवसांत येते, आणि काही गंभीर प्रकारांना महिना-दीड महिनाही लागतो. तोवर ती गोळी घरात कोणाला आठवतही नसते.

यवतमाळ जिल्ह्यातील एक मुलगी

माझे वडील दुचाकीवरून पडले आणि डोक्याला मार लागला. झटके येऊ नयेत म्हणून रुग्णालयातून सुटी देताना त्यांना फेनिटॉइनच्या गोळ्या देण्यात आल्या. १९व्या दिवशी ताप भरला, डोळे लाल झाले, ओठांवर व तोंडात फोड आले आणि भाकरीचा घास गिळेनासा झाला. आजीने माता आल्याचे सांगितले. खाटेवर कडुलिंबाचा पाला अंथरला गेला आणि घरात फोडणी बंद झाली. गोळी मात्र नेमाने चालू राहिली, कारण ती डोक्याची होती आणि एकही चुकवू नका, असे आम्हाला बजावलेले होते. तीन दिवस मीच ती त्यांच्या तोंडात घातली, हे मला आजही टोचते.

चौथ्या दिवशी छातीवरच्या जांभळट डागांवर पाण्याचे फोड धरले आणि बनियन काढताना पाठीची कातडी तिच्यासोबत निघून आली. १०८च्या गाडीने आम्ही नागपूरला मेडिकलला पोहोचलो. तिथल्या निवासी डॉक्टरांनी तापाबद्दल विचारण्याआधी मागच्या दोन महिन्यांतील सगळी औषधे विचारली. आईच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी सापडली, म्हणून नाव कळले. तीच पुडी असती तर काय सांगितले असते, कोण जाणे. गोळी त्याच क्षणी बंद झाली. शरीराची १० टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात आणि ३० टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस. बाबांचे या दोहोंच्या मधले होते.

उपचार जळालेल्या रुग्णासारखे झाले. चादर अंगाला चिकटून कातडी ओढली जात असे, म्हणून वॉर्डातल्या मावशींनी केळीची पाने आणायला सांगितले. रोज पहाटे कॉटन मार्केटमधून न फाटलेली पाने शोधून आणणे हे भावाचे काम झाले, आणि परिचारिका ती स्वच्छ करून बाबांच्या पाठीखाली अंथरत. पापण्या आतून डोळ्याला चिकटू नयेत म्हणून नेत्रविभागाचे डॉक्टर रोज येऊन काचेच्या कांडीने त्या मोकळ्या करत. ते बघणे मला जमत नसे. मी बाहेर जाऊन उभी राहत असे. २६ दिवसांनी आम्ही घरी आलो. हाताची नखे गळून नवी आली, परंतु डोळे कायमचे कोरडे राहिले आणि दिवसातून अनेकदा थेंब टाकावे लागतात.

सुटीच्या वेळी मिळालेल्या कार्डावर फेनिटॉइनसोबत कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही नावेही लाल शाईने लिहिली होती, कारण या तिन्ही औषधांची घडण जवळची आहे आणि एकाचा असा त्रास झालेल्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो. सहा महिन्यांनी बाबांना झटका आला, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेमके कार्बामाझेपिन लिहिले गेले. मी कार्ड पुढे केले. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले, स्वतःची चिठ्ठी फाडली आणि दुसरे औषध लिहून दिले.

निवृत्त परिचारिका, अमरावती जिल्हा

वरच्या अनुभवात औषध कायमचे बंद करावे लागले. माझा अनुभव याच्या उलट आहे.

सोयाबीनच्या निंदणीच्या दिवसांत आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण येत असत. घोणस, म्हणजे आमच्याकडची परड, चावलेल्या एका बाईला प्रतिसर्पविषाचे सलाईन सुरू केले आणि १५व्या मिनिटाला तिच्या पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या, थंडी वाजली, ओठ सुजले. तिचे यजमान ओरडू लागले, ‘थांबवा ते सलाईन, माह्या बायकोले उलटं चढून राह्यलं!’ सलाईन थांबवलेच. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि गांधी बसल्यावर तेच सलाईन पुन्हा, पण हळू, सुरू केले. हे पुन्हा सुरू करणे त्या माणसाला पटवून देण्यात माझा जो घाम निघाला, तो शुश्रूषेतही निघाला नसेल. परंतु घोणसीच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि त्यावर दुसरे औषध नाही. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेले हे औषध असल्याने ही प्रतिक्रिया अनपेक्षित नव्हती, आणि इंजेक्शन भरून उशाशी तयार ठेवलेले होते.

तिच्या सुटीच्या कागदावर एका नव्या डॉक्टरांनी ‘प्रतिसर्पविषाची ॲलर्जी’ एवढेच लिहिले होते. मी त्यांना विनंती करून पूर्ण लिहून घेतले: काय झाले, कशाने आवरले, आणि पुन्हा साप चावल्यास हे औषध तयारीनिशी द्यावेच लागेल. नुसते नाव लिहिणे कधी कधी न लिहिण्याहून वाईट असते. दहाव्या दिवशी ती सांधेदुखी आणि पुरळ घेऊन परत आली. हाही त्याच औषधाचा उशिरा येणारा परिणाम असतो. तो काही दिवसांच्या गोळ्यांनी गेला.

कुष्ठरोग तंत्रज्ञ, चंद्रपूर जिल्हा

आमच्या कामात ‘रिॲक्शन’ या शब्दाने फार घोटाळा होतो. कुष्ठरोगाच्या उपचारात चट्टे एकाएकी लाल होऊन सुजणे यालाही रिॲक्शनच म्हणतात. ती आजाराची असते, औषधाची नव्हे, आणि तिच्यामुळे गोळ्या बंद करायच्या नसतात. याच उपचारातील क्लोफाझिमिन या गोळीने त्वचा तांबूस-काळी आणि कोरडी पडते, तीही ॲलर्जी नव्हे. औषध संपल्यावर तो रंग हळूहळू उतरतो. आमच्या एका रुग्णाने मात्र मुलीच्या लग्नात लोक विचारतील म्हणून त्या गोळ्या तीन महिने गव्हाच्या कोठीत लपवून ठेवल्या होत्या. रंग उतरला आणि आजार वाढला.

याच उपचारातील डॅप्सोन या दुसऱ्या गोळीचे वेगळे आहे. ते सुरू केल्यावर चार-सहा आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ एकत्र दिसले, तर थांबून बघण्यात वेळ घालवू नये. ते औषध बंद करून रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. माझ्या नोकरीत असे दोनच रुग्ण पाहिले. त्यांपैकी एक उशिरा आला आणि वाचला नाही.

नाव न देता, वय २९, बुलडाणा जिल्हा

हे कोठेच बोललो नाही. जुलाबासाठी नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडॅझोलची गोळी घेतली की काही तासांत ओठाच्या कोपऱ्यावर आणि लिंगाच्या टोकावर जळजळ होऊन तेथे गोल काळसर डाग व फोड येत. तीन वर्षांत चार वेळा झाले, दर वेळी त्याच जागी. पत्नीने माहेर गाठले, कारण तिला आणि खरे तर मलाही तो गुप्तरोगच वाटला. एका ठिकाणी त्याच समजुतीने इंजेक्शनेही दिली गेली. शेवटी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल असताना सलाईनमधून मेट्रोनिडॅझोल दिले आणि तोच डाग पेटला. योगायोगाने राउंडवर त्वचारोगाचे डॉक्टर होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘नेहमी हीच जागा?’ त्याला फिक्स्ड ड्रग इरप्शन, म्हणजे औषधाने दर वेळी त्याच जागी उठणारा डाग, म्हणतात आणि टिनिडॅझोल व मेट्रोनिडॅझोल एकाच कुळातील आहेत, हे त्यांनी पत्नीला बोलावून तिच्यासमोर सांगितले. माझ्या केसपेपरवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलेले वाक्य मी सासऱ्यांनाही दाखवले.

धागाकर्ता

सर्वांचे आभार, शेवटच्या अनुभवाच्या लेखकाचे विशेष. डाग तोच, जागा तीच, ही त्या प्रकाराची ओळखच आहे.

असे परिणाम कळवण्यासाठी देशात २०१०पासून औषध-सतर्कता कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. मी स्वतः निवृत्तीच्या दोन वर्षे आधी पहिला फॉर्म भरला, हे कबूल करतो.

एका वाचकाने विचारले आहे की कोणती गोळी बाधली हे ओळखण्यासाठी घरी अर्धी गोळी घेऊन पाहावी काय. मुळीच नाही. कातडी सुटली असेल, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले असतील, तर संशयित औषधाचा कणही पुन्हा घेऊ नये. रिकाम्या पट्ट्या, पुड्या, बाटल्या, वैदूचे चूर्णसुद्धा, सगळे एका पिशवीत भरून रुग्णासोबत न्यावे. पट्टीवरून गोळ्या काढायच्याच असतील तर नाव छापलेल्या बाजूने कापू नये. ती बाजू शेवटी संपवावी.