घरात पैशाचं कळतं कुणाला, ठरवतं कोण?

हिशेबी: गुंतवणुकीचा विषय निघाला की "ते सगळं हेच बघतात" हे ठरलेलं वाक्य. 'हे' बघतात ते जास्त कळतं म्हणून, की नवरा आहेत म्हणून? दा के या संशोधकांचा अमेरिकी कुटुंबांवरचा २०२१ सालचा अभ्यास आहे. आर्थिक जाण सारखीच, पण ती नवऱ्याकडे असेल तर ते घर शेअर बाजारात उतरण्याची शक्यता जास्त. बायकोकडे असेल तर कमी. म्हणजे घरात अक्कल असूनही ती वापरायची नाही. काटकसर तिने करायची आणि शिलकीचं काय ते त्याने ठरवायचं!

तिरपागडे: असहमत. एकाने विमा बघावा, दुसऱ्याने कर, ही साधी सोय आहे. दोघांनी मिळून प्रत्येक फंडाची माहितीपत्रकं वाचायची का? शिवाय मुदत ठेव ही बायकोची स्वतःची पसंतीही असू शकते. त्यात लगेच दडपण कसलं शोधता?

हिशेबी: जाण बघून कामं वाटली असती तर हा फरक दिसलाच नसता. मुद्दा तोच आहे.

शून्यशिल्लक: बार्बर आणि ओडीन या अमेरिकी संशोधकांनी २००१ सालच्या अभ्यासात ३५ हजारांहून अधिक घरांची शेअर-दलालाकडची खाती तपासली होती. पुरुषांची खरेदी-विक्री बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त. या उलाढालीने त्यांचा निव्वळ परतावा वर्षाला २.६५ टक्के अंकांनी घटला, बायकांचा १.७२ ने. अविवाहितांत तफावत आणखी मोठी. घरात विचारणारं कुणी असलं की हात जरा आवरतो, असं मला तरी वाटतं.

तिरपागडे: ती नव्वदीतली खाती, तेव्हाचं कमिशन! इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात, पैसे टाकून विसरणाऱ्या नवऱ्याला यातलं काय लागू? आणि आमच्याकडे सगळे पासवर्ड बायकोला माहीत आहेत.

गपगुमान: उलटी बाजू कुणी बोलत नाही. मला बाजारातलं ओ की ठो कळत नाही, बायकोला कळतं. तरी सल्लागार माझ्याकडे बघूनच बोलतो आणि मी मान डोलावतो. 'मला नाही कळत' म्हणायची सोय पुरुषाला नाही.

हिशेबी: गपगुमान, पुढच्या वेळी खुर्च्या बदलून बसा. तिरपागडे, पासवर्ड ठीक. पण कोणता फंड का घेतला, कधी विकायचा, हे तिला माहीत आहे का? बायका सरासरी जास्त जगतात. ऐन दुःखात तिला हे सगळं एकटीने शिकावं लागतं, आणि दारात पहिला हजर होतो कमिशनवर योजना विकणारा.

तिरपागडे: विचारतो तिला. पण वाटणी मोडणार नाही.