१९१२ ची अमेरिकन निवडणूक: कॅलिफोर्नियाची दोन मतं कुठे गेली?

नमस्कार मंडळी,

१९१२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीचा राज्यवार नकाशा मी हाताने रंगवतोय आणि एका बेरजेपाशी अडलोय. कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

या निवडणुकीचं मला फार दिवसांपासून वेड आहे. रिपब्लिकन पक्षाने विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांनाच पुन्हा उभं केलं, म्हणून त्याच पक्षाचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट वेगळा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढून रिंगणात उतरले. मतं फुटली. डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांना ४२ टक्केसुद्धा मतं नव्हती, तरी त्यांनी ४० राज्यं नेली. टाफ्टना यूटा आणि व्हरमाँट, चार-चार इलेक्टोरल मतांची (अध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्याला मिळणारी ठरावीक मतं; ती देणारे प्रतिनिधी म्हणजे इलेक्टर). गादीवर बसलेल्या अध्यक्षाला अवघी ८ इलेक्टोरल मतं!

अडचण रूझवेल्टच्या राज्यांत आहे. पेनसिल्व्हेनिया ३८, मिशिगन १५, कॅलिफोर्निया १३, मिनेसोटा १२, वॉशिंग्टन ७, साउथ डकोटा ५. बेरीज ९०. छापील आकडा मात्र सगळीकडे ८८. विल्सनचे माझ्याकडे ४३३ होतात, छापील ४३५. एकूण ५३१ जुळतात, म्हणजे दोन मतं इकडची तिकडे गेलीत. राज्य जिंकलं की त्याची सगळी मतं जिंकणाऱ्याची, असंच मी धरून चाललो होतो.

आणखी एक. कॅलिफोर्नियात टाफ्टच्या नावापुढे चार हजारांहून कमी मतं दिसतात. १९०८ मध्ये हेच राज्य त्यांनी जिंकलं होतं! साउथ डकोटात तर त्यांचा रकाना कोराच आहे. ही छपाईची चूक असेल का?

प्रतिसाद १

चूक नाही, आणि तुमची बेरीजही कॅलिफोर्नियातच चुकतेय. तिथे मतदार उमेदवाराला नव्हे, इलेक्टरांना मत देत, तेही एकेकाला वेगवेगळं. तेरा जागांसाठी तेरा खुणा. कुणी एखादं नाव गाळलं, कुणी समोरच्या यादीतलं एखादं घेतलं, की एकाच पक्षाच्या इलेक्टरांची मतं थोडी मागेपुढे होतात. फरक मोठा असेल तर ते जाणवत नाही. इथे रूझवेल्ट २,८३,६१० आणि विल्सन २,८३,४३६, फरक फक्त १७४! त्यामुळे विल्सनचे दोन इलेक्टर निवडून आले. कॅलिफोर्निया ११ आणि २ असं धरा, हिशेब जुळेल.

टाफ्टचं म्हणाल तर तिथला रिपब्लिकन पक्ष गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या गटाच्या हातात होता, आणि जॉन्सन स्वतः रूझवेल्टबरोबर उपाध्यक्षपदाला उभे होते. मतपत्रिकेवर टाफ्टचे इलेक्टर आलेच नाहीत. ज्यांना टाफ्टच हवे होते त्यांना हाताने नावं लिहावी लागली. साउथ डकोटातही टाफ्ट मतपत्रिकेवर नव्हते. ओक्लाहोमात रूझवेल्टचा रकाना कोरा दिसेल, तोही खराच आहे.

प्रतिसाद २

पुढेमागे बाकीच्या वर्षांचे नकाशे करणार असाल तर मेरीलँड आणि वेस्ट व्हर्जिनिया जपून. १९०८ ला मेरीलँडची ६ इलेक्टोरल मतं डेमोक्रॅट ब्रायनना, २ टाफ्टना. १९१६ ला वेस्ट व्हर्जिनियाची ७ रिपब्लिकन ह्यूजना, १ विल्सनना. सगळ्यात विचित्र १९०४ चं मेरीलँड: रूझवेल्ट ५१ मतांनी पुढे, पण ८ पैकी ७ इलेक्टर डेमोक्रॅट पार्करचे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ८८ आणि ४३५ जुळले! कॅलिफोर्निया रूझवेल्टच्या रंगात ठेवून त्यावर विल्सनच्या दोन पट्ट्या ओढल्या. ओक्लाहोमाचा रकाना मी चुकून राहिला समजून शोधत बसलो होतो, तोही आता सुटला.

१९०४ पण करायला घेतोय. त्यात मेरीलँडला रंग कुणाचा द्यायचा, मतांत पुढे असलेल्या रूझवेल्टचा की सात इलेक्टर मिळवणाऱ्या पार्करचा? तुम्ही काय केलं असतं?